आटाळ्यातली माती



आमच्या सासूबाईंचं वय आता ब्याऐंशी. लग्न होऊन इतवारीतल्या या घरात आल्या तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. तेव्हापासून त्यांची खोली एकच, माडीवरची पूर्वेकडची. रात्री चारी आहारांचा त्याग हा त्यांचा नियमही तितकाच जुना. सूर्य मावळला की खाद्य, स्वाद्य, लेह्य, पेय काही नाही. पेय नाही म्हणजे पाण्याचा थेंबही नाही. नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका मे महिन्यात त्या सकाळी मला म्हणाल्या, "बाई, नियम तोच आहे न मीही तीच आहे. पण आटाळ्यात माती होती तोवर रात्री घशाला अशी कोरड पडत नव्हती."

मी पटकन बोलून गेले, "आई, आता वय झालं तुमचं."

त्या गप्प बसल्या. मला मात्र ते वाक्य आठ दिवस टोचत राहिलं. कारण आटाळ्यातली माती वयाने नेली नव्हती, ती आम्ही काढून टाकली होती. ती माती तिथे का होती, कोणी घातली होती, आणि ती गेल्यावर काय गेलं, हे शोधताना जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगते.

आटाळा म्हणजे काय?

फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलींसाठी आधी हे सांगायला हवं. आपल्या जुन्या घरांत खोलीच्या भिंतींवर सागाचे मयाल टाकलेले असत. मयालांवर बल्ल्या किंवा फळ्या, त्यावर बांबूच्या कामट्यांचे तट्टे, आणि तट्ट्यांवर मातीचा थर. कुठे चार बोटं, कुठे वीतभर. वरून शेणमातीचं सारवण. हे झालं खोलीचं छत. त्याच्या वर काही फूट मोकळी जागा सोडून कवेलूंचं उतरतं छप्पर. छत आणि छप्पर यांच्या मधली जागा तो आटाळा. कुणी माळा म्हणतं.

आढ्याखाली तिथे जेमतेम बसता येतं. दोन्ही कडांना, जिथे छप्पर भिंतीवर उतरतं, तिथे माणूस पोटावर सरपटत गेला तरी अडकतो. शिरायला एक चौकोनी झरोका, त्याला लावायला शिडी. वर काय असायचं? बियाण्याची मडकी, लग्नकार्याची मोठी भांडी, जुने पाळणे. आम्ही सुना तिकडे फारशा फिरकायचो नाही. लुगडं नेसून शिडी चढायची, अंधार आणि वर पाली-वटवाघळांची भीती.

सामान ठेवायची जागा, एवढंच आपण तिला समजत आलो. पण सामान तर कोठीतही ठेवता येतं. मग वीतभर माती डोक्यावर चढवायची एवढी मेहनत कशासाठी? दहा बाय बाराच्या खोलीवर चार इंच मातीचा थर म्हणजे चाळीस घनफूट माती. वजन करा, पावणेदोन टनांच्या आसपास भरते. एवढं ओझं पेलायला मयालही तसेच जाड लागत. हौस म्हणून एवढा खर्च कुणी करत नाही.

ती माती उन्हासाठी होती.

या गावाचं ऊन

नागपूरचं ऊन मी तुम्हाला काय सांगणार! २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली. २०२४ च्या मे अखेरीस तर एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर आपल्या गावाचं नाव झालं. नंतर हवामान खात्याने खुलासा केला की यंत्रात दोष होता. तेव्हा आमच्या गल्लीत एकजण म्हणाला, "दोष यंत्रात असन, पण आमच्या पत्र्याखाली येऊन मोजा ना." तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. हवामान खातं सावलीतली हवा मोजतं. भर उन्हात तापलेला लोखंडी पत्रा स्वतः ६० अंशांच्या पुढे जातो, आणि त्याच्या खाली राहणाऱ्याला ती धग सोसावी लागते.

इंग्रजांच्या काळात नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. उन्हाळा लागला की सरकारचा कारभार पचमढीच्या डोंगरावर हलायचा. साहेब, कारकून, कागदपत्रं सगळं वर जायचं. इतवारीतला दुकानदार, महालातला कारागीर आणि त्यांच्या बायका कुठे जाणार? त्यांची पचमढी म्हणजे डोक्यावरची माती.

प्रदेशानुसार ही माती घालायची रीतही बदलते, हे बघताना मला मौज वाटली. पश्चिमेकडे बुलढाणा, मराठवाडा, खानदेशाच्या बाजूला पाऊस कमी. तिथे सपाट धाब्याची, माळवदाची घरं. त्यावर पांढरी माती. काळी माती वाळली की भेगाळते, पांढरी तेवढी भेगाळत नाही, म्हणून गावोगावी पांढऱ्या मातीची खाण राखलेली असे. आपल्याकडे पाऊस वर्षाला सुमारे १,१०० मिलिमीटर. सपाट मातीचं छत इथे गळणार. म्हणून पावसासाठी वर उतरते कवेलू आणि उन्हासाठी खाली सपाट माती, अशी दोन छपरं आपल्या लोकांनी एकावर एक चढवली. त्या दोन्हींच्या मधली हवा हे तिसरं छप्पर, ते डोळ्यांना दिसत नाही एवढंच.

याचं काम कसं चालतं ते सोपं आहे. ऊन कवेलूवर पडतं, कवेलू तापतो. तापलेला कवेलू खालच्या हवेला तापवतो. देशी कवेलूंमध्ये फटी असतात, त्यातून गरम हवा वर निघून जाते. जी धग उरते ती मातीवर पडते. माती जाड, ती हळूहळू तापते. दुपारची धग खोलीत पोचायला काही तास लागतात आणि तोवर तिचा जोरही उतरतो. संध्याकाळी ती थोडीफार झिरपू लागली, की माणसं आंगणात बाजा टाकून झोपायला बाहेर. म्हणजे दिवसा घर सांभाळायचं, रात्री आंगण सांभाळायचं. आटाळा आणि आंगण ही जोडी होती. आज आमच्या आंगणात तीन मोटारसायकली आणि पाण्याची टाकी आहे. सासूबाईंना आता दादरा उतरून रोज खाली झोपायला येणंही होत नाही.

महालाची आग, रेल्वेचे कवेलू

बख्त बुलंदशाहने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारा खेडी एकत्र करून हे गाव वसवलं असं आपण शाळेत शिकलो. पुढे भोसल्यांचं राज्य आलं, महालात वाडे उठले. सातपुड्याच्या जंगलातलं सागवान जवळ, त्यामुळे घरं लाकडाची. लाकूड म्हटलं की आगीची भीती. भोसल्यांचा मोठा राजवाडा काळ्या दगडाचा आणि नक्षीदार लाकडाचा होता. १८६४ मध्ये तो जळाला. नगारखान्याचा मोठा दरवाजा तेवढा मागे राहिला. आटाळ्यातल्या मातीचा दुसरा उपयोग इथे लक्षात येतो. माती जळत नाही. शेजारच्या छपरावरून ठिणगी आली, तरी मातीच्या थराखालची खोली आणि तिथली माणसं यांना बाहेर पडायला थोडा वेळ मिळतो.

राजवाडा जळाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, दूर मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी यंत्रावर दाबून सपाट, एकात एक अडकणारे कवेलू बनवायचा कारखाना काढला. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला आली. पुढे असेच कवेलू आपल्याकडेही चढले. आपण त्यांना अजून 'इंग्रजी कवेलू' म्हणतो आणि कुंभाराच्या चाकावरचे ते 'देशी'. इंग्रजी कवेलू माकडांनी लवकर फुटत नाहीत, दरवर्षी फेरावे लागत नाहीत. सोय मोठी होती. पण त्यांची बसणी घट्ट, म्हणून फटी कमी झाल्या आणि आटाळ्यातली गरम हवा पूर्वीसारखी सहज निघेना. तरी खाली माती होती, म्हणून निभावलं.

मग पत्रा आला. नालीदार लोखंडी पत्र्याचं पेटंट १८२९ मध्ये लंडनमध्ये हेन्री पामर यांनी घेतलं. गोदीवरच्या मोठ्या शेडसाठी तो हलका आणि स्वस्त मार्ग होता. जिथे माल ठेवायचा तिथे ठीक. जिथे माणूस झोपतो तिथे त्याच्या खाली काहीतरी घालावं लागतं. थंड देशांतल्या लोकांनी हे लवकर ओळखलं. त्यांच्याकडे घरातली ऊब वर निघून जाऊ नये म्हणून माळ्यावर भुसा, गवत, पुढे १९३० च्या दशकापासून काचेची लोकर अंथरू लागले. त्यांना ऊब आत ठेवायची, आपल्याला धग बाहेर ठेवायची. थर तोच, दिशा उलटी. आपल्याकडे तो थर आधीपासून होता. आपण पत्रा घेतला आणि थर काढला.

पंचाहत्तर किलोमीटरवर एक धडा

नागपूरहून सेवाग्राम पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास. गांधीजी तिथे, म्हणजे तेव्हाच्या सेगावात, राहायला आले ती तारीख बघा : ३० एप्रिल १९३६. वऱ्हाड-वर्ध्याचं ऊन ऐन भरात असताना! आज ज्याला बापूकुटी म्हणतात ती मुळात मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली झोपडी. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू, चारी बाजूंनी खाली उतरलेली पडवी. आम्ही महिला मंडळाच्या सहलीत गेलो होतो तेव्हा भर दुपारी आत बसलो आणि कुणालाच उठावंसं वाटेना. पंखाही नव्हता.

पुढे १९७६ मध्ये देवेंद्र कुमार यांनी वर्ध्याला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलं. तिथल्या लोकांनी कुंभाराच्या चाकावर एका टोकाला निमुळते होणारे पोकळ कवेलू घडवले. एकात एक खोवत नेले की त्यांची कमान होते आणि लाकडाशिवाय छप्पर उभं राहतं. पोकळ कवेलूत हवा अडकून राहते आणि ती अडकलेली हवाच धग थोपवते. मातीचा थर असो, काचेची लोकर असो की पोकळ कवेलू, सगळ्यांचं रहस्य हेच. हवेला हलू न देता धरून ठेवायचं, किंवा धग पचवणारं काही जाड मध्ये घालायचं.

एवढं सगळं आपल्या उशाशी असताना आपण कूलर घेतले. नागपूर आणि कूलर हे नातं मला तोडायचं नाही, आमच्याही खिडकीत आहे. पण मैत्रिणींनो, त्याच्या टाकीत कधी नीट डोकावून पाहिलंत? चार दिवस पाणी साठलं की वळवळणाऱ्या अळ्या. टाकी रिकामी करताना त्या नालीत जातात. आपण पिण्याचं पाणी गाळून घेतो, जिवाणी जपून पाण्यात सोडतो आणि दोनशे लिटरच्या टाकीकडे मात्र डोळेझाक करतो. तो कूलर जिच्यावर चालतो ती वीज कोराडी-खापरखेड्याला कोळसा जाळून येते. कूलर बंद करा असं मी म्हणत नाही. वरचं छत नीट असेल तर तो कमी तास लागतो, एवढंच सांगते.

आमची चूक

१९९४ मध्ये आमच्या आटाळ्याच्या मयालांना वाळवी लागली. कवेलू दरवर्षी फेरायला माणूस मिळेना. माकडांचा त्रास होताच. घरातल्या पुरुषांनी ठरवलं की कवेलू काढून पत्रे टाकायचे, मयाल बदलून लोखंडी पाइप लावायचे आणि ती सगळी माती उतरवायची. खाली प्लायवूडचं छत. चार दिवस बंडीने माती वाहिली. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "माती ठेवा." आम्ही म्हणालो, "आई, ओझं आहे." खरंच ओझं होतं आणि वाळवीचा धोकाही खरा होता. फक्त त्या मातीच्या जागी दुसरं काही घालायला हवं होतं, ते कुणालाच सुचलं नाही. आणि ज्यांना खोलीत चोवीस तास राहायचं होतं त्यांना कुणी विचारलं नाही.

तीस वर्षं सासूबाईंनी त्या पत्र्याखाली काढली. नियम सोडला नाही. आम्ही त्यांना काय काय सुचवलं! "आई, रात्री पाण्याची सूट घ्या." "डॉक्टर म्हणतात, या वयात चालतं." घ्यायला हरकत नव्हती, प्रकृती बिघडली तर घ्यावीच. पण नियम मोडायला सांगणं सोपं होतं, शिडी चढून वर बघणं अवघड होतं, म्हणून आम्ही सोपं ते सांगत होतो. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बायकांनी याच गावात, याच उन्हात रात्रीचं पाणी सोडून दिवस काढले. त्यात त्यांच्या श्रद्धेचं बळ होतं, आणि घराचीही साथ होती. आम्ही घराची साथ काढून घेतली आणि दोष वयाला दिला.

त्या सकाळच्या बोलण्यानंतर मी घाईने एका ठेकेदाराला बोलावलं. मे महिन्याचा तिसरा आठवडा. तो म्हणाला, "आजच थर्माकोल टाकून देतो." सकाळी येतो म्हणाला आणि उगवला अकरा वाजता. एक एकोणीस-वीस वर्षांचा बारीक पोरगा झरोक्यातून आत सरकला. कडेपर्यंत त्यालाच जाता येणार होतं. दहाएक मिनिटांत आतून आवाज यायचा थांबला. मी हाक मारली तर उत्तर पुटपुटल्यासारखं आलं. सासूबाई खाटेवरून उठून झरोक्याखाली उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "बाहेर काढा त्या पोट्ट्याला आधी!"

बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता, पाय लटपटत होते. त्याला खाली नेऊन निजवलं, ओल्या फडक्याने पुसलं, घोट घोट मीठ-साखरेचं पाणी पाजलं. तासाभराने तो सावरला. त्याची दिवसाची मजुरी देऊन घरी पाठवलं आणि काम थांबवलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माझ्या गारव्यासाठी कुणाचा जीव जायला नको. मी हा एक उन्हाळा काढीन."

काढला त्यांनी. मी मात्र तो उन्हाळा विसरणार नाही. मुंगी वाचवायला वाकणारी मी, पत्र्याच्या आत ऐन मे महिन्यात माणूस पाठवताना माझ्या मनात काही आलं नव्हतं.

मग कसं केलं

चातुर्मास संपू दिला. पावसाळ्यात बंद जागेत जीव फार, त्या दिवसांत काही उकरायचं नाही हे आपल्याकडे ठरलेलंच आहे. घर बांधणं-दुरुस्त करणं ही गृहस्थाची आरंभी हिंसा, ती पूर्ण टळत नाही. पण विवेकाने कमी होते. डिसेंबरात आधी फक्त बघायला माणूस वर गेला, बॅटरी घेऊन. कुमार पार्श्वनाथांनी तापसाच्या जळत्या ओंडक्यात नाग-नागीण आहेत हे ओळखलं, ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. बाहेरून निर्जीव दिसणाऱ्या जागेत आधी डोकावून बघावं, एवढं तरी त्यातून घ्यावं. आमच्या आटाळ्याच्या कोपऱ्यात कबुतराची दोन पिल्लं निघाली. ती उडेपर्यंत थांबलो, महिना गेला. मग मऊ कुंच्याने जागा झाडून घेतली.

थर कशाचा घालायचा यावर घरात बराच खल झाला. पुन्हा माती घालावी तर लोखंडी पाइप पावणेदोन टन पेलणारे नव्हते. भाताचं तूस स्वस्त मिळतं, पण त्यात किडे होतात. थर्माकोलमध्ये उंदीर-मुंग्या घर करतात आणि ते पेटतं. मेंढीच्या लोकरीचा प्रश्नच नव्हता. शेवटी रॉकवूल घेतलं, म्हणजे दगडाची लोकर. आपल्या दख्खनच्या काळ्या बेसॉल्टसारखा दगड वितळवून त्याचे तंतू काढतात. ती जळत नाही आणि तिच्यात किड्यांना खायला काही नसतं. तंतू अंगाला खाजतात, नाका-घशात जातात, म्हणून काम करणाऱ्याला मास्क, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे आम्ही आणून दिले.

काम सकाळी सात ते दहा एवढंच. आत एक जण, झरोक्याशी दुसरा, आणि दर थोड्या वेळाने आवाज द्यायचा. आधी विजेच्या उघड्या तारा पाइपात घेतल्या, कारण थराखाली तार गरम झाली तर कळत नाही. सुरुवात सगळ्यात दूरच्या कोपऱ्यातून. जिथे माणूस पोचत नाही तिथे रॉकवूलची लादी लांब बांबूने हळूच सरकवली आणि मागे मागे येत झरोक्यापर्यंत संपवलं. वळचणीच्या फटी बुजवल्या नाहीत. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत झरोके ठेवले आणि त्यांना बारीक जाळी लावली. जुन्या देशी कवेलूंच्या फटींचं काम आता ते करतात. गरम हवा बाहेर जाते, पाखरू आत येत नाही. झरोक्याच्या झाकणालाही वरून लादी चिकटवली, नाहीतर सगळी धग तिथूनच खाली येते. शेवटी पत्र्यावर बाहेरून पांढरा चुन्याचा हात दिला. अहमदाबादेत आणि आता तेलंगणातही असे पांढरे छत करायला सरकारच सांगतं. नागपूरनेही २०१६ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आहे. आपल्या आज्या दिवाळीला भिंती पोतारत होत्या. आता तो हात छपरावरही फिरवायचा.

मागचा उन्हाळा त्या खोलीचा पहिला. कूलर आम्ही काढला नाही. पण पूर्वी रात्री दहाला प्लायवूडला हात लावला तर तव्यासारखं गरम लागायचं, आता कोमट लागतं. सासूबाई पूर्वी एक-दीडपर्यंत कूस बदलत जप करत पडायच्या. आता साडेदहाला त्यांचा श्वास लागतो, मी दारातून ऐकते.

मे महिन्यात एका सकाळी त्यांना विचारलं, "आई, रात्री कोरड पडली का?"

"पडली थोडी," त्या म्हणाल्या. "उन्हाळा आहे, पडणारच. पण आता मीच ती सोसते, छत माझ्यावर घालत नाही."

मग जरा थांबून म्हणाल्या, "त्या पोट्ट्याला एकदा जेवायला बोलाव. सूर्य असेतोवर."

तो आला होता. पुरणपोळी खाऊन गेला. जाताना वर बघून म्हणाला, "आता तिथं कोणी शिरायला नको न काकू?" मी म्हटलं, नको बेटा, दिवाळीनंतर एकदा जाळी बघायला, तेही सकाळी सातला.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात कुणी व्रती असेल, म्हातारं असेल, वरच्या मजल्यावर पत्र्याखाली कुणी भाडेकरू राहत असेल, तर या हिवाळ्यात एकदा शिडी लावून वर बघा. जुन्यांनी तिथे काय ठेवलं होतं आणि आपण काय काढलं, ते दिसेल.

जय जिनेंद्र!